३०० यार्डांच्या नेमबाजीसाठी .३०-०६ घ्यावी की .३०० विनचेस्टर मॅग्नम?

भाऊ, जळगावहून तुम्ही विचारलंय की ३०० यार्डांपर्यंतच्या लक्ष्यावर मारायचंय, तर जास्त वेगासाठी मॅग्नम घेऊ का. माझं उत्तर: .३०-०६ घ्या. दोन्ही रायफलीची काडतुसं, गोळीची जाडी सारखीच.

केस म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं; त्याची क्षमता जितकी, तितकी बंदुकीची दारू मावते. ही क्षमता मोजतात पाण्याने. उडवलेली केस जुन्या प्रायमरसकट (बुडाशी बसवलेली, ठिणगी देणारी टोपी) तोला, काठोकाठ पाणी भरा, पुन्हा तोला. .३०-०६ मध्ये साधारण ६८ ग्रेन (वजनाचं छोटं माप) पाणी मावतं, मॅग्नममध्ये ९१ च्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश जास्त. वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. नळीचं भोक, गोळी आणि दाब तेच असतील तर क्षमता जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण पाव हिस्साच वेग वाढतो. १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला २,७०० फुटांनी निघते, मॅग्नममधून २,९६० ने. त्यातही मॅग्नमला थोडा जास्त दाब चालतो, त्याचा वाटा आहे. २०० यार्डांवर शून्य साधलं, म्हणजे तिथे गोळी नेमकी निशाणावर बसेल असा स्कोप (नेमाची दुर्बीण) लावला, तर ३०० वर दोघींच्या पडण्यातला फरक दीडेक इंच! तेवढा तर स्कोपची चकती एक-दोन क्लिक फिरवली की भरून निघतो.

आणि त्या दीड इंचासाठी काय मोजावं लागतं ते बघा. जास्तीची सगळी दारू त्याच ०.३०८ इंची नळीतून जळत जाते. झीज सगळ्यात आधी चेंबरच्या पुढच्या भागात, जिथून आटे (नळीतल्या पिळदार खाचा) सुरू होतात तिथे होते, आणि नेम बिघडतो. मंद जळणाऱ्या दारूला २६ इंची नळी लागते. २२ इंचीत लखलखाट आणि आवाज वाढतो, वेग मात्र घटतो. धक्काही मोठा. धक्क्याच्या धास्तीने घोडा हिसकला, तर चूक दीड इंचात राहत नाही.

वेगच हवा असेल तर .२७० बघा. केस जवळपास .३०-०६ चीच, भोक अरुंद: १३० ग्रेनची गोळी ३,०६० फुटांनी. रायफल ठरवण्याआधी त्या काडतुसाच्या पेट्या तुमच्या दुकानात नियमित मिळतात का, हे मात्र विचारा. घरी काडतूस भरायचा विचार नको, त्याला शस्त्र कायद्याखाली निर्मितीचा वेगळा परवाना लागतो.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ वर जातो. उन्हात उभ्या गाडीत काडतुसं ठेवू नका. दारू तापली की दाब वाढतो. बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा) उचलायला जड जाऊ लागला किंवा प्रायमर चपटा दिसला, की मारणं तिथेच थांबवा.