पत्रिकेवर ‘डॉ.’ छापायची घाई

प्रश्न : माझी मुलगी (वय २९) पुण्यात समाजशास्त्रात पीएचडी करते. नोंदणी २०२३ची, म्हणजे हे चौथं वर्ष. कोर्सवर्क झालं, मुलाखती घेऊन झाल्या, दोन प्रकरणं लिहून झाली, असं ती सांगते. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे. मुलाकडच्यांना आम्ही ‘पीएचडी संपतच आली’ असं सांगितलं आहे, त्यामुळे पत्रिकेवर ‘डॉ.’ लागलं तर बरं. गाइड मॅडमना मी दोनदा फोन केला, पण त्यांनी काही नीट सांगितलं नाही. एक परिचित यूजीसीमान्य जर्नलमध्ये दोन पेपर छापून देतो म्हणतात, पैसे पडतील, पण खर्चाचं काही नाही. नेमकं काय काय पूर्ण केलं की पदवी मिळते? आणि नेट-सेटचं काय?
— एक निवृत्त बँक अधिकारी, सिंहगड रोड

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले. गाइड मॅडमना फोन. तोही दोनदा.

मुलगी एकोणतीस वर्षांची आहे हो. शाळेतल्या बाईंना ‘आमची अभ्यासात कशी आहे’ विचारावं, तसं तुम्ही विभागात विचारलंत. तुमच्या दृष्टीने ती साधी चौकशी असेल. तिच्या दृष्टीने काय झालं असेल ते सांगते, कारण अशा मुली माझ्यासमोर येऊन बसतात. पुढच्या भेटीत मॅडम हसत म्हणतात, “तुमच्या वडिलांना जरा घाई दिसते.” शेजारी दोन ज्युनिअर उभे असतात. एक मुलगी त्यानंतर दोन महिने विभागात फिरकलीच नाही. घरून डबा घेऊन निघायची आणि दिवसभर कुठल्या तरी कॅफेत बसून यायची. वडिलांना वाटत होतं, काम जोरात चाललंय.

दुसरी गोष्ट. नोंदणीचं साल, प्रकरणांची संख्या, लग्नाचा महिना, सगळं पत्रात आहे. तिचा विषय काय आहे, हे मात्र कुठेच नाही. जागेअभावी राहिलं असेल असं मानायचा मी प्रयत्न केला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिची नोंदणी २०२३ची असल्याने तिला यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नोव्हेंबर २०२२चे नियम लागू आहेत. किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) कोर्सवर्क, म्हणजे नेमून दिलेला अभ्यासक्रम, त्यात संशोधन आणि प्रकाशनातील नैतिकतेचा भाग आलाच, आणि त्यात किमान ५५ टक्के. ते तिने केलंय. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. प्रबंध तयार झाला की तो देण्याआधी समितीपुढे सादरीकरण, जे विभागातल्या कुणालाही ऐकता येतं. मग वाङ्मयचौर्याची तपासणी, मग प्रबंध दाखल. तो गाइडकडे आणि विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो, अहवाल अनुकूल आले की सर्वांसमोर मौखिक परीक्षा. प्रबंध दिल्यापासून ही प्रक्रिया सहा महिन्यांत आटपावी, असं नियम म्हणतो. माझ्या वेळी चौदा महिने लागले होते. कुठल्या विद्यापीठात, ते जाऊ द्या.

म्हणजे उद्या प्रबंध दिला तरी फेब्रुवारीचं काही खरं नाही. आणि तो उद्या देता येणार नाही. समाजशास्त्रात ‘दोन प्रकरणं झाली’ म्हणजे बहुधा प्रस्तावना आणि आधीच्या अभ्यासांचा आढावा झाला. खरा डोंगर पुढेच असतो. मुलाखती ‘घेऊन झाल्या’ म्हणजे कामाला सुरुवात झाली असं समजा. तासाभराची मुलाखत शब्दशः कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. एखादी बाई म्हणते, “तसं काही त्रास नाही,” आणि पुढची वीस मिनिटं त्रासच सांगते. त्या ‘तसं’चं काय करायचं, हे ठरवण्यात मुलीची अख्खी दुपार जाते. तुम्हाला दाराच्या फटीतून दिसतं ते एवढंच, की ही कानाला हेडफोन लावून बसली आहे.

नियमात ‘तीन वर्षं’ लिहिलेली असतात ती किमान. कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. चौथ्या वर्षात ती अजिबात मागे पडलेली नाही.

पेपर छापून देणाऱ्या परिचितांबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण ही समजूत पुण्यात घरोघर आहे. प्रबंध देण्याआधी संशोधनपत्रिकेत लेख छापलेला हवा, ही अट २०१६च्या नियमांत होती. २०२२च्या नियमांत यूजीसीने ती काढून टाकली. एखाद्या विद्यापीठाची किंवा विभागाची स्वतःची अपेक्षा असू शकते, पण ती मुलगी विभागात विचारून घेईल. आता ‘यूजीसीमान्य’ शब्दाकडे या. यूजीसीची ‘केअर’ नावाची संशोधनपत्रिकांची यादी होती, तिचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. तेव्हा तुमचे परिचित, जी अट आयोगाने काढून टाकली तिच्यासाठी, जी यादी उरलेली नाही तिच्यातलं जर्नल तुम्हाला विकताहेत. तुम्ही बँकेत होतात. असल्या कागदावर तुम्ही कर्ज मंजूर केलं असतंत? शिवाय पैसे देऊन छापलेला तो लेख पुढे प्रत्येक मुलाखतीत तिच्या बायोडेटावर बसून राहील, आणि जाणकार पहिलं बोट त्याच्यावरच ठेवतील.

नेट-सेट : सहायक प्राध्यापकपदासाठी या दोन पात्रता परीक्षांपैकी एक पुरते, जुलै २०२३पासून त्या पदाला पीएचडी अनिवार्य नाही. तिला ते ठाऊक असणारच, आणि तरी ती प्रबंध लिहिते आहे, यातून काय ते समजा.

तिला मला भेटायचं असेल तर तिने स्वतः लिहावं. तुमच्याकरवी निरोप नको. लिहायचं नसेल तर तेही ठीक.

राहता राहिली पत्रिका. मौखिक होऊन विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत ‘डॉ.’ लावता येत नाही, तेव्हा तिचं नाव तिथे नुसतंच छापायचं आहे. फोन करायचाच असेल तर तिसरा फोन तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना करा, आधी तिला विचारून. सांगा, की संपत आली म्हणालो ते आमचं चुकलं, अजून दीड-दोन वर्षं जातील, लग्नानंतरही ती विभागात आणि लायब्ररीत जाईल, रविवारीही लिहीत बसेल. पलीकडून ते काय म्हणतात ते नीट ऐका आणि जसंच्या तसं तिला सांगा. मात्र हे सगळं पत्रिका छापायला टाकायच्या आधी.