माथा आधी की बंधारा? पाणलोटाच्या कामांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्यात जलसंधारण अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो आहे. हाती आलेल्या आराखड्यात सिमेंट नाला बांध आणि खोलीकरण भरपूर आहे, माथ्यावर मात्र एकही काम नाही. निधी मार्चअखेर संपवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : माथा कोरा राहण्यामागे तांत्रिक कारण क्वचितच असते. डोंगरमाथा बहुधा वन विभागाकडे, त्याखालचा उतार गायरानात. मग जिथे परवानगीची कटकट नाही तिथे, म्हणजे नाल्यात, सगळी कामे गोळा होतात. तेव्हा पहिले पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लिहा आणि संयुक्त पाहणीची तारीख ठरवून घ्या. वनजमिनीवर तुम्हाला थेट काम काढता येणार नाही. तिथले चर आणि अनघड दगडांचे बांध त्यांच्या आराखड्यात, त्यांच्याच यंत्रणेकडून व्हायला हवेत. गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल.

पाणलोटाची हद्द गावाच्या शिवेशी जुळत नाही, हेही आराखडा करणारे विसरतात. 1:50,000 च्या टोपोशीटवर 20 मीटर अंतराच्या समपातळी रेषा असतात. त्यावर पाणलोट आखा, मग गट नकाशा त्यावर बसवा. शिवार फेरी वरून खाली काढा. खालून निघालेली फेरी नाल्यातच रेंगाळते आणि माथा पाहायचा राहतो.

फेरीत जुन्या कामांची यादी करा. 1972 च्या दुष्काळापासून पुढे, 1983 च्या सर्वंकष पाणलोट कार्यक्रमात आणि 2014 नंतरच्या जलयुक्त शिवारमध्ये बांधलेले किती तरी बांध गाळाने भरलेले किंवा सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) फुटलेले सापडतील. त्यांची दुरुस्ती नव्या बांधापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायला बसवायच्या फळ्या) कुठे आहेत, रबरी सील शाबूत आहे का, हे सप्टेंबरातच बघा. परतीच्या पावसाचा जोर ओसरल्यावर बर्गे शोधायला निघाले तर साठवायचे पाणी तोवर वाहून गेलेले असते.

मार्चअखेरची भीती रास्त आहे, पण कामांचा क्रम तिच्याशी जुळवता येतो. माथ्यावरचे चर पावसानंतर जमीन ओलसर असतानाच उरकतात. सिमेंट बांधाचे काँक्रीट फेब्रुवारीपर्यंत संपवा. एप्रिल-मे मध्ये गावाला टँकर चालू असताना काँक्रीटवर मारायला (क्युरिंगला) पाणी कोण देणार? शेतातली बांधबंदिस्ती रब्बी निघाल्यावर. आराखड्यात प्रत्येक बंधाऱ्यापुढे एक रकाना वाढवा : ‘वरील क्षेत्रावर उपचार झाले का?’ जिल्ह्याच्या बैठकीत ‘किती बंधारे झाले’ एवढेच विचारतात. हा रकाना समोर असला की, वर चर-बांध नसतील तर वाहून आलेल्या गाळाने बंधारा भरतो, हा मुद्दा तुम्हाला वेगळा मांडावा लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडचे सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) दरवर्षी एकाच बाजूने फुटतात. खोली वाढवावी का? (कृषी पर्यवेक्षक)

उत्तर : खोली नंतर, आधी आखणी तपासा. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल असा 20 मीटरचा चर घ्या. दोन टोकांत 15 सेंमीचा फरक पडला, तर पाणी खालच्या टोकाच्या काठापर्यंतच भरते. तिथे 30 सेंमी पाणी असताना वरच्या टोकाला 15 सेंमीच उभे राहते. पाव साठा तिथेच गेला, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे सगळे जादा पाणी एकाच जागी काठ ओलांडते. फुटतो तो तिथेच.

आखणीला हायड्रोमार्कर (पातळी दाखवणारी पाण्याची नळी) किंवा ए-फ्रेम (ओळंबा टांगलेली ‘A’ आकाराची चौकट) पुरते. ए-फ्रेम रोज सकाळी तपासावी : दोन खुंट्यांवर पाय ठेवून ओळंब्याची रेघ मारायची, पाय उलटसुलट करून दुसरी रेघ मारायची, दोन्हींच्या बरोबर मध्ये येते ती खरी खूण. वारा असेल तर ओळंबा हलतो आणि मजूर अंदाजाने पुढे सरकतात. अशा दिवशी नळीच वापरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकते, हे मात्र लक्षात ठेवा.

आता दोन चरांतले अंतर. एका हेक्टरवर 50 मिमी पाऊस म्हणजे 500 घनमीटर पाणी. त्यातले 30 टक्के वाहते असे धरले तर 150 घनमीटर. वरच्या मापाचा चर दर मीटरला 0.18 घनमीटर धरतो, म्हणजे हेक्टरी सुमारे 833 मीटर चर लागतो. अंतर 12 मीटर. अंदाजपत्रकात 25 मीटर अंतर घेतले असेल तर अशा सरीत निम्म्याहून जास्त पाणी चर ओलांडणारच. उतार आणि मातीप्रमाणे वाहणाऱ्या पाण्याचा हिस्सा बदलेल, हिशेबाची रीत तीच.

खोदलेली माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून किमान 30 सेंमी सोडून टाका; काठालगत टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. भरावावर स्टायलो हमाटा हे चाऱ्याचे पीक पेरा. घळीतून चर आरपार नेऊ नका. घळीच्या अलीकडे थांबा, पलीकडून पुन्हा सुरू करा, आणि घळीत अनघड दगडांचा बांध घाला.

प्रश्न : गावकरी म्हणतात, शिरपूरसारखे नाले खोल करा, जेसीबी आम्ही आणतो. परवानगी द्यावी का?

उत्तर : शिरपूर (जि. धुळे) आहे तापीच्या खोऱ्यात. तिथे गाळाचे जाड थर आहेत आणि त्यात चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो फोडून खाली गेल्यास फायदा होऊ शकतो. आपल्या बेसाल्टच्या (काळ्या खडकाच्या) शिवारात उलटे आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात. तोच थर उपसला तर भूजल नाल्यात उघडे पडते. शेजारच्या विहिरींचे पाणी झिरपून नाल्यात येते आणि उन्हात उडून जाते. दिवाळीला नाला तुडुंब दिसतो, फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात.

साचलेला गाळ काढा, मूळ तळाच्या खाली जाऊ नका, आणि एकूण खोली 3 मीटरच्या आत ठेवा. सलग खोदू नका. मध्ये मध्ये न खोदलेले पट्टे राखा, नाहीतर पाणी चर मिळाल्यासारखे धावते. निघालेला गाळ काठावर रचला तर पुढच्या पुरात परत आत येतो; तो कोणाच्या शेतात जाणार, ती यादी काम सुरू होण्याआधी तयार हवी. आणि हो, मुरूम विकण्यासाठी खोलीकरणाचा आग्रह धरणारेही असतात. यंत्र फुकट देणाऱ्याला मुरूम कुठे जाणार, हे लेखी विचारा.

प्रश्न : बांधबंदिस्ती केली आणि त्याच पावसाळ्यात शेतकऱ्यांनी बांध फोडले. समजूत कशी घालावी?

उत्तर : समजूत घालण्याआधी माती बघा. भारी काळ्या जमिनीत समपातळीचा बांध घातला तर मागे पाणी तुंबते, सोयाबीन आणि तूर पिवळी पडते. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात त्या वेगळ्याच. शेतकऱ्याने बांध फोडला तो पीक वाचवायला. तिथे ढाळीचे, म्हणजे पाणी हळू बाहेर काढणारे किंचित उताराचे बांध हवेत, ढाळ 0.1 ते 0.4 टक्के. 0.2 टक्क्याने 200 मीटरला 40 सेंमी उतार मिळतो. पाणी शेवटी कोणाच्या धुऱ्यावरून नाल्यात उतरणार, यावर दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या आखणीआधी घ्या. समपातळी बांध हलक्या-मध्यम जमिनीला आणि कमी पावसाला.

प्रश्न : माती नाला बांधाच्या पाहणीत काय चुकवू नये?

उत्तर : पायाचा चर भरण्याआधी जा. भराव झाल्यावर तो किती खोल होता, हे कोणालाच सांगता येत नाही. खोली मोजपट्टीसह फोटोत घ्या. भराव 20 ते 25 सेंमीच्या थरांत, पाणी मारून, दाबून झाला पाहिजे. गाभ्यात चिकण काळी माती, बाहेर मुरूम. दबाई नीट झाली तरी भराव बसतो, म्हणून उंचीत सुमारे 10 टक्के जादा धरा.

बांध वाहून जातात ते मुख्यतः अपुऱ्या सांडव्याने. 40 हेक्टर पाणलोट, ताशी 75 मिमी पाऊस, अपधाव गुणांक (पावसातला वाहून येणारा हिस्सा) 0.4 धरला, तर 0.4 × 75 × 40 भागिले 360, म्हणजे सेकंदाला 3.3 घनमीटर पाणी येते. सांडव्यावर 60 सेंमी पाणी चालू द्यायचे असेल तर लांबी सुमारे 4.2 मीटर लागते. कागदावर 4.2 आणि जागेवर 2.5, असे फार ठिकाणी दिसते. सांडवा मूळ कठीण जमिनीतच हवा. भरावावरून काढलेला असेल तर मोजमाप पुस्तिकेवर सही करू नका.