इचलकरंजी आणि आसपासच्या तालुक्यांत सध्या धंदापाण्याची स्थिती कशी आहे?

शहरात साधे यंत्रमागवाले अडचणीत आहेत. हातकणंगले-शिरोळच्या खेड्यांत उसामुळे हातात पैसा खेळतो. सूत-कापडाच्या व्यवहारात रोज असल्याने हे जवळून दिसतं. खर्चीवाल्याला (म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्याला) मजुरी मिळते ‘पिका’मागे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याच्या हिशेबाने, पैशांत, आणि वीजबिल, कामगारांचा पगार, सुटे भाग भागवायचे रुपयांत. म्हणून जुने माग भंगारात किलोवर विकले जातात. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा निर्यातीच्या कापडाचे व्यापारी हात आखडून बसले.

उसाचं वेगळं. 2025-26 साठी एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेला किमान भाव, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये ठरली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र 2019 पासून किलोला 31 रुपयेच राहिला, त्यामुळे कारखान्यांची ओढाताण होते. (पंचगंगा-कृष्णेला पूर आला की हाही हिशेब कोलमडतो, ते निराळं.) चांदीच्या दागिन्यांचं गाव असलेल्या हुपरीत चांदीचा भाव किलोला लाखापुढे गेल्यापासून छोट्या कारागिराला माल भरायलाच भांडवल पुरत नाही.

एक लक्षात घ्या, शहर सरसकट मंदीत नाही: रॅपियर, एअरजेट अशा आधुनिक मागवाल्यांचं गणित साध्या मागापेक्षा बरंच बरं आहे.