कॅमोमाइल पिऊनही टक्क जागे? आधी खोक्याची मागची बाजू वाचा

रात्री अकराला मोठा मग भरून कॅमोमाइल (झोप यावी म्हणून पितात तो वाळल्या फुलांचा चहा), तेही दूध-साखर घालून उकळलेलं. दोन महिने झाले तरी एक वाजेपर्यंत टक्क जागे, आणि डोळा लागलाच तर तीनला लघवीसाठी उठायचं. तुमची ही तक्रार माझ्या चांगल्याच ओळखीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॅमोमाइल म्हणजे काय, गुण कोणते, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

पहिलं काम म्हणजे खोकं उलटं करा. आपल्याकडे 'कॅमोमाइल' म्हणून बऱ्याचदा हातात पडतो तो कॅमोमाइल ग्रीन टी. पुढच्या बाजूला पांढऱ्या पाकळ्यांची फुलं, चंद्र, गाढ झोपलेली बाई. मागे मुंगीच्या अक्षरात घटक: ग्रीन टीची पानं, कॅमोमाइलची फुलं, स्वाद. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. म्हणजे ज्याचं नाव आधी, तोच माल जास्त. आणि ग्रीन टी हा शेवटी चहाच. एका कपात साधारण २० ते ४५ मिलिग्रॅम कॅफिन निघतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना जवळपास दुप्पट. अकराला प्यायलेल्या कपातलं निम्मं कॅफिन पहाटे चारला अंगात असतं! त्यात माणूस 'गुण येत नाही' म्हणून दुसरी पिशवी (टी-बॅग) टाकतो आणि आणखी जागा राहतो. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच, कारण महिनोन्‌महिने दोष फुलाला दिला जातो. ग्राहक सेवेला विचारून बघा, 'आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे' असं छापील उत्तर येईल. कॅफिन नैसर्गिकच असतं हो, प्रश्न तो नाहीये. घटकांत फक्त कॅमोमाइलची फुलं लिहिलेली असतील तेच घ्या.

आता करण्याची पद्धत. चहासारखं पातेल्यात खळखळ उकळू नका. फुलातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं, घरभर छान वास येतो आणि कपात पिवळं पाणी उरतं. कपात फुलं घ्या, वरून नुकतं उकळलेलं १५० मिली पाणी ओता, लगेच ताटली झाका आणि सात ते दहा मिनिटं हात लावू नका. ताटली उचलताना तिच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते पुसू नका, कपातच झटका. उडू पाहणारं तेल त्याच थेंबांत असतं. मग गाळा. दूध नको, चवीला हवा तर अर्धा चमचा मध. (घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका, हे जाता जाता.)

प्रमाणाबद्दल माझं मत ठाम आहे: एका पिशवीत भागत नाही. पिशवीत बहुधा एक ते दीड ग्रॅम चुरा असतो. युरोपात औषधी वापरासाठी १५० मिली पाण्याला दीड ते चार ग्रॅम फुलं सांगतात, आणि मी तीन धरतो. चमच्याने मोजू नका. अख्खी फुलं हलकी, चुरा जड, त्यामुळे चमच्याचा हिशेब चुकतो. सोन्याचांदीसारखं तोलणारा छोटा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आणि पाणी १५० मिलीच, मगभर नव्हे. झोपण्याच्या तास-दीड तास आधी पिऊन, आडवं होण्यापूर्वी बाथरूमला जाऊन या. तुमची तीनची जाग बहुतेक त्या मगाचीच आहे.

सुटी फुलं घेणार असाल तर काष्ठौषधीच्या किंवा युनानी दुकानात 'बाबूना' म्हणून मागा. एक फूल ब्लेडने उभं चिरून बघा. मधला पिवळा भाग उंच शंकूसारखा आणि आतून पोकळ हवा. भरीव असेल तर ते रोमन कॅमोमाइल (नाव सारखं, पण वनस्पती वेगळी) किंवा त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच काही. चोळल्यावर सफरचंद आणि वाळल्या गवताच्या मधला वास यायला हवा. वास नाही, तळाशी तपकिरी भुकटी, म्हणजे माल जुना. शेवंतीचा चहा ही वेगळी गोष्ट, दुकानदार काहीही म्हणो. पावसाळ्यात फुलं लगेच दमट होतात, तेव्हा शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नका. काचेच्या घट्ट बरणीत, गॅसपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवा.

अपेक्षाही बेताची ठेवा. २०११ साली अमेरिकेत निद्रानाशाच्या ३४ रुग्णांना रोज दोनदा २७० मिलिग्रॅम कॅमोमाइल अर्क २८ दिवस दिला, तेव्हा झोपेच्या मुख्य मोजमापांत नकली गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. चिंता कमी होण्याबाबतचे पुरावे थोडे बरे आहेत. म्हणून डोकं भणभणत असल्यामुळे झोप लागत नसेल तर याचा हात लागेल, पण ही झोपेची गोळी नव्हे. दिवे मंद करून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून कप घेऊन बसलात तर अर्धं काम त्या बसण्यानेच होतं, असं माझं वैयक्तिक मत.

कोणी घेऊ नये, हे मात्र मत नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अजिबात नको. वॉरफरिन घेणाऱ्या ७० वर्षांच्या बाईंना कॅमोमाइलच्या वापरानंतर अंतर्गत रक्तस्राव झाल्याची नोंद २००६ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि गाजरगवताने ज्यांना खाज, शिंका, दमा होतो त्यांनी खास जपा. ते आणि कॅमोमाइल एकाच कुळातले. शेवंती-झेंडू हाताळून अंगावर पुरळ येत असेल तरीही तेच.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोपेचे हाल असतील तर फुलं बाजूला ठेवून झोपेच्या डॉक्टरांकडे जा. आणि घरच्यांना एक विचारा: तुम्ही घोरता का, घोरताना मध्येच श्वास अडकतो का? तसं असेल तर रात्री लघवीला उठणंही त्यातूनच येऊ शकतं. त्याची तपासणी वेगळी असते आणि तिथे कुठल्याच काढ्याचा उपयोग नाही.