चौदा गुण चौघांना, मग पुढे कोण?

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

प्रश्न : आयपीएलची गुणतालिका मी मोबाइलवर रोज पाहतो. २०२४ साली बंगळूरु, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ या चारही संघांचे १४ गुण झाले होते, तरी बाद फेरीत एकटे बंगळूरुच गेले. नेट रनरेट म्हणजे प्रत्येक सामन्यातील फरकाची सरासरी, असे धरून मी हिशेब केला, पण आकडा काही जुळत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : तो जुळणार नाही, कारण ही सरासरी सामन्यांची नसून षटकांची असते. संघाने हंगामभरात काढलेल्या एकूण धावांना त्याने खेळलेल्या एकूण षटकांनी भागावे, प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याविरुद्ध काढलेल्या एकूण धावांना त्याने टाकलेल्या एकूण षटकांनी भागावे आणि पहिल्या भागाकारातून दुसरा वजा करावा. पावसाने वाहून गेलेला सामना या हिशेबात धरत नाहीत. त्याचा प्रत्येकी १ गुण तेवढा दोघांच्या खात्यात जमा होतो.

घरी आकडेमोड करताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. संघ सर्वबाद झाला, तर त्याने प्रत्यक्षात किती षटके खेळली हे न पाहता पूर्ण २० षटके धरतात. समजा, आपल्या संघाने २० षटकांत १८० धावा केल्या आणि समोरचा संघ १७.२ षटकांत १५० धावांत सर्वबाद झाला. १५० ला २० ने भागले की ७.५० येतात आणि फरक १.५० चा पडतो, तेच १७.२ षटके धरली, तर फरक जेमतेम ०.३५ उरतो. दुसरी गफलत दशांश चिन्हाची. १७.२ म्हणजे १७ षटके आणि २ चेंडू, म्हणजेच भागाकारासाठी १७.३३. धावफलकावरचा आकडा जसाच्या तसा कॅल्क्युलेटरमध्ये घातला, तर उत्तर चुकलेच म्हणून समजा.

आता २०२४ कडे वळू. १८ मे रोजी बंगळूरुच्या मैदानावर यजमानांनी २१८ धावा केल्या, तेव्हा चेन्नईपुढे दोन लक्ष्ये होती : जिंकायला २१९ आणि हरूनही पात्र ठरायला २०१. शेवटच्या षटकात त्यातले दुसरे गाठायला १७ धावा हव्या होत्या. यश दयालच्या पहिल्याच चेंडूवर धोनीने षटकार मारला, दुसऱ्या चेंडूवर तो बाद झाला आणि त्या षटकात एकूण ७ धावा निघाल्या. चेन्नईचा डाव १९१ वर थांबला. नेट रनरेट बंगळूरुचा ०.४५९ झाला आणि चेन्नईचा ०.३९२ राहिला. दिल्ली आणि लखनौ तर शून्याच्याही खाली होते.

प्रश्न : २०१४ साली वानखेडेवर मुंबईला १४.३ षटकांत १९० धावा हव्या होत्या. तेवढ्या चेंडूंत १८९ च झाल्या, तरीही मुंबई पुढे गेली. हा काय प्रकार होता?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : सामना २५ मे २०१४ चा, राजस्थानविरुद्धचा. राजस्थानने १८९ धावा केल्या होत्या, तेव्हा नुसत्या विजयाने मुंबईचे भागणार नव्हते. नेट रनरेटमध्ये राजस्थानला मागे टाकायचे, तर १९० धावा १४.३ षटकांत व्हायला हव्या होत्या. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा करून हे अशक्य वाटणारे गणित आवाक्यात आणले, पण १४.३ षटकांअखेर धावसंख्या बरोबरीत असतानाच अंबाती रायुडू धावबाद झाला. मुंबईचे आव्हान तिथेच संपले, असे अनेकांनी धरले.

मेख अशी, की पाठलाग करणाऱ्या संघाच्या खात्यात विजयी फटक्याच्या सगळ्या धावा जमा होतात. १४.३ षटके म्हणजे भागाकारासाठी १४.५. १९० धावांना १४.५ ने भागले तर १३.१० ची गती येते, म्हणजे मुंबईला साधारण तेवढी हवी होती. पुढच्या चेंडूवर एकच धाव निघाली असती, तर १४.४ षटकांत १९० म्हणजे १२.९५ ची गती पडून मुंबई सामना जिंकली असती, पण स्पर्धेतून बाहेर गेली असती. चौकाराने मात्र धावसंख्या १९३ होऊन गती १३.१६ झाली असती. नव्याने आलेल्या आदित्य तरेने जेम्स फॉकनरचा फुलटॉस थेट सीमापार धाडला आणि १४.४ षटकांत १९५ धावांवर प्रश्न मिटला.

जाता जाता एक मत नोंदवतो. सर्वबाद होणे सोडले, तर या पद्धतीत गड्यांना काहीच किंमत नाही. एक गडी राखून मिळवलेला विजय आणि दहा गडी राखून मिळवलेला विजय, षटके सारखी असतील तर सारखेच मोजले जातात. गोलंदाजांवर हा अन्याय आहे असे मला वाटते. मात्र कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल असा याहून सोपा पर्याय अजून कोणी सुचवलेला माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : नेट रनरेट उणे असलेला संघ पहिल्या चारांत कसा येतो?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आधी गुण पाहतात आणि ते समान असतील तरच नेट रनरेट. मुंबई २०२३ मध्ये १६ गुण आणि उणे ०.०४४ अशा आकड्यांवर चौथी आली, तर २०२५ मध्ये अधिक १.१४२ असा सर्वांत चांगला नेट रनरेट असूनही पुन्हा चौथीच राहिली, कारण गुण तेव्हाही १६ च होते.

प्रश्न : प्रो कबड्डीच्या जुन्या तक्त्यांत हरलेल्या संघालाही गुण दिसतो, नव्या तक्त्यात दिसत नाही.
– एक कबड्डीप्रेमी, कोल्हापूर

उत्तर : नियमच बदलला आहे. पूर्वी विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास १ गुण मिळत असे. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे ९६ गुण झाले, ते असे : १७ विजयांचे ८५, ३ बरोबरींचे ९ आणि दोन निसटत्या पराभवांचे २. बाराव्या हंगामापासून विजयाला २ आणि पराभवाला शून्य गुण असून बरोबरीचा निकाल टायब्रेकरवर लावतात. त्यामुळे जुन्या-नव्या हंगामांतील संघांची तुलना करायची झाल्यास गुणांऐवजी विजयांचा रकाना पाहावा. मला स्वतःला जुनी पद्धत अधिक आवडे. हरत आलेला सामनाही शेवटच्या चढाईपर्यंत जिवंत राही.

प्रश्न : फुटबॉलमध्ये गुण समान झाल्यास गोलफरकच पाहतात ना?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सगळीकडे नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक पाहतात. २०११-१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण असताना सिटीने त्यावरच विजेतेपद मिळवले. स्पेनच्या ला लीगामध्ये मात्र त्या दोन संघांमधील आपसातील सामने आधी पाहतात. आपल्याकडील इंडियन सुपर लीगमध्येही २०२०-२१ साली तसेच झाले. तो सारा हंगाम करोनामुळे गोव्यातच खेळवला गेला होता. बांबोळीच्या मैदानावर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० असे हरवल्यावर दोघांचे ४० गुण झाले आणि आपसातील दोन्ही सामने जिंकलेली मुंबई अव्वल ठरली.

प्रश्न : ‘पात्र ठरण्याची शक्यता ३२ टक्के’ असे आकडे कोठून येतात?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : सर्वांत साध्या पद्धतीत उरलेला प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरतात. १० सामने उरले असतील, तर निकालांच्या १,०२४ जुळण्या होतात आणि त्यांपैकी जितक्यांत आपला संघ पहिल्या चारांत येतो, तितके त्याचे प्रमाण. कोणता संघ फॉर्मात आहे, कोणाचा मुख्य गोलंदाज जायबंदी आहे, हे यात कोठेच येत नाही. शिवाय गुण समान होणाऱ्या जुळण्या कोणाच्या पारड्यात टाकायच्या, हे मांडणी करणारा आपल्या मनाने ठरवतो. म्हणूनच एकाच सकाळी दोन ठिकाणी आपल्याला दोन वेगळे आकडे दिसतात.