गाजरगवत: औषध नंतर, आधी फूल पाहा

भाऊ, दोनदा ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं, रोटाव्हेटर फिरवला, तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाजरगवत पुन्हा हिरवंगार. आता कोणतं औषध मारू, असं तुम्ही विचारलंय. औषधाचं शेवटी सांगतो. आधी वावरात जाऊन त्यातलं किती फुलावर आहे ते पाहा. पांढरी बारकी फुलं दिसत असतील तर फवारणीचे पैसे अर्धे पाण्यात. झाड मरतं, पण बी तोवर पडलेलं असतं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी म्हणजे काही विशेष नाही, आणि ते हंगाम पाहत नाही, ओल मिळाली की उगवतं. रोटाव्हेटरनं तुम्ही खालचं बी वर आणलं, एवढंच झालं.

हे मीही ठेच खाऊनच शिकलो. काही वर्षांपूर्वी बाहेरून दोन ट्रॉली शेणखत घेतलं. अर्धवट कुजलेलं होतं, पण स्वस्त मिळालं. ट्रॉली जिथं रिती केली तिथं पहिल्या पावसानंतर इतकं दाट रोप आलं की कोणी मुद्दाम वाफा टाकलाय असं वाटावं. त्याआधी त्या वावरात हे गवत नव्हतंच. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरे मारले, बायांनी दोनदा निंदलं, तास स्वच्छ झाले. धुरा आणि पांदणीची वाट मात्र तशीच सोडली, आणि दुसऱ्या वर्षी ते तिथूनच परत आलं. गाजरगवताचं माहेर धुऱ्यावर असतं राजेहो, पिकात ते फक्त पाहुणं येतं.

म्हणून फुलावर यायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना मुळासकट उपटा. विळ्यानं कापू नका, बुडातून फुटवे येतात आणि तेही फुलतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजेच. आमच्या काकूंनी उघड्या हातानं उपटलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी, जाड पडली, खाज अजून जात नाही. फूल नसलेलं गवत खताच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं टाकाल तर माझ्यासारखी ट्रॉली घरीच तयार होईल.

आता भुंग्याचं. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, तुरीच्या दाण्याएवढा किडा या गवतावर दिसला तर मारू नका. तो मेक्सिकन भुंगा. आपल्याकडे 1984 मध्ये बंगळूरजवळ पहिल्यांदा सोडला. मध्यंतरी सूर्यफुलावर दिसला म्हणून बोंब झाली होती, पण त्याचं खरं खाणं गाजरगवतच. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पानांची चाळणी करतात, हिवाळ्यात जमिनीत दडून बसतो. ज्या वावरात तो भरपूर असेल तिथून भोकं पाडलेल्या बाटलीत पाल्यासकट गोळा करून आपल्या पांदणीवर सोडा. एका हंगामात चमत्कार होत नाही.

तरोटाही (टाकळा) उपटू नका. कोवळ्या पाल्याची भाजी तर होतेच, वर तो दाट आला की गाजरगवताला दाबून टाकतो. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बी ठेवून घ्या आणि मे महिन्यात पडीत जागेवर फेका.

औषधच मारायचं तर फुलण्याआधी. नुसत्या पडीत जागेत ग्लायफोसेट, आणि ढोरांसाठी गवत राखायचं असेल तिथं मेट्रिब्युझिन. उभ्या पिकाजवळ वारा असताना पंप हातात घेऊ नका, पऱ्हाटीवर उडालं तर पऱ्हाटीही गेली. आणि 2017 मध्ये यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते आठवून तोंड-नाक बांधूनच.

एकट्याच्या धुऱ्यानं भागत नाही, हे खरंच. 16 ते 22 ऑगस्ट जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्या निमित्तानं ग्रामपंचायतीला पांदणीवर माणसं लावायला सांगा, तेव्हा माती ओलीही असते.

उद्या सकाळी धुऱ्याचा जवळून फोटो टाका. पानं चाळणीसारखी दिसली तर औषधाची बाटली उघडूच नका.