व्याकरण पाठ आहे, पण पेपरात येत नाही

“मॅडम, शब्दांच्या आठही जाती घडाघडा म्हणतो. पेपरात मात्र सगळा घोटाळा. कथालेखन तर कोरंच सोडतो. स्मरणशक्तीची काही टेस्ट असते का?” सातवीतल्या मुलाची आई विचारत होती. सहामाहीचा निकाल लागला की ही तक्रार हमखास येते.

मुलाला वाचायला दिलं. नीट वाचत होता, इतर विषयांतही बरा होता. सगळ्याच विषयांत वाचणं-लिहिणं अडलं असतं, तर तपासणी सुचवली असती. इथे स्मरणशक्ती उलट जरा जास्तच कामाला लागली होती. वहीत तक्ता होता: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी, म्हणजे रूप बदलणारे; उरलेले चार अविकारी, म्हणजे न बदलणारी अव्ययं; प्रत्येकापुढे पाठ करायचे शब्द. ‘मागे’ शब्दयोगीच्या रकान्यात. त्यामुळे पेपरात कुठेही ‘मागे’ दिसलं की याचं उत्तर ठरलेलं.

वही मिटायला लावली आणि विचारलं, “काल खेळताना काय झालं?” तो सांगत गेला, मी त्याचीच वाक्यं लिहीत गेले. “काकूंची कुंडी फुटली. आम्ही मागे पळालो. झाडामागे लपलो.” आता दोन्ही ‘मागे’ बघ म्हटलं. थोडा वेळ गेला. “पहिलं कुठे पळालो ते सांगतंय. दुसरं झाडाला चिकटलंय.” चिकटताना ‘झाड’चं ‘झाडा’ झालं, हेही त्यानेच पाहिलं. क्रियाविशेषण आणि शब्दयोगी ही नावं मग आपोआप जागेवर बसली. जात शब्दाच्या कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यातल्या कामावरून ठरते. तक्त्यात नेमकं वाक्यच नसतं.

कथेचं दुखणं वेगळं होतं. एकदा लिहिलेली गोष्ट त्याने दाखवली: एक प्रामाणिक मुलगा होता, त्याला पाकीट सापडलं, त्याने ते परत केलं आणि सर्वांनी त्याचं कौतुक केलं. तात्पर्य, शीर्षक, पात्र, प्रसंग, सगळं हजर. पण अडचण कुठेच नाही. मुलं तात्पर्य आधी ठरवतात आणि तिथवर सरळ चालत जातात. मला विचाराल तर ही सवय आपणच लावली आहे. अशी गोष्ट लिहिताना त्यालाही कंटाळा येत होता, म्हणून पान कोरं.

मी एवढंच सांगितलं, यात एक ‘पण’ आणि एक ‘म्हणून’ घाल. त्याने लिहिलं, “पाकीट सापडलं, पण सहलीचे पैसे भरायचा तो शेवटचा दिवस होता. म्हणून त्याने पाकीट दप्तरात टाकलं.” आता पुढे काय, हे मलाही हवं होतं. उभयान्वयी, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या अव्ययांचा इतका चांगला उपयोग कुठल्या तक्त्यात सापडणार?

आईंना व्याख्यांची धास्ती होतीच. म्हटलं, व्याख्या त्याला येतात, त्या पुन्हा घोकून घेऊ नका. रात्री तो शाळेतलं काही सांगेल, त्यातलं एखादं वाक्य धरा आणि कुठला शब्द काय करतोय, एवढंच विचारा. परीक्षा घेतल्यासारखं नको, नाहीतर तो सांगायचाच थांबेल.

पुढच्या भेटीत मुलगाच एक प्रश्न घेऊन आला. “‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’. शब्द बदलतोय, मग हे अव्यय कसं?” काम क्रियाविशेषणाचं, पण बदलतो म्हणून अव्यय नाही, असं सांगितलं. शाळेत बाईंनाही हे विचार म्हटलं.